दोन आयांचा एक नंबर

थंडीताईंना घरात कुणी घाबरत नसे; घाबरायचे ते त्यांच्या हातातल्या फडक्याला. नवरा लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. संध्याकाळी ग्रीसने काळे झालेले हात घेऊन आला की उंबऱ्यावरच थबकून विचारायचा, "येऊ का आत, की आधी मलाच भिजत घालणार?" सासूबाई आल्यागेल्याला सांगत, "परवा खुर्चीत जरा माझा डोळा लागला, तर हिने मलासुद्धा पुसून काढलं." ताई हसायच्या आणि पुसत राहायच्या.

थंडीताई हे नाव घरचं नव्हे, कामावरचं. शहरातल्या जुन्या प्रसूतिगृहात, तळमजल्यावर जिन्यामागे, दूधखोली होती. ज्या आयांना आपल्या बाळाला पुरून उरेल इतकं दूध येई, त्या तिथे दूध देऊन जात. वरच्या मजल्यावर काचेच्या पेट्यांमध्ये दिवस भरायच्या आत जन्मलेली, मुठीएवढी बाळं असत. त्यांना ते थेंबाथेंबाने पाजलं जाई. ती खोली ताई सांभाळत. दूध घ्यायचं, कच्चंच गोठवून ठेवायचं, साठलं की पातेल्यात एकत्र करायचं, बेताच्या आचेवर तापवायचं, बाटल्यांत भरायचं, फ्रीझरमध्ये लावायचं. दिवसभर फ्रीझरमध्ये डोकं, म्हणून भर उन्हाळ्यातही अंगात स्वेटर. त्यावरून पडलेलं नाव असं काही चिकटलं, की पगाराच्या दिवशी कुणी खरं नाव पुकारलं तर ताई स्वतःच मागे वळून बघत, कोण ही बाई म्हणून.

त्यांचा मुलगाही असाच लवकर जन्मलेला. तेव्हा दूधखोली वगैरे काही नव्हतं, आणि ताईंना दूध उतरत नव्हतं. पलीकडच्या खाटेवरच्या बाईने कुणाला न विचारता त्याला उचललं आणि छातीशी धरलं. ताई उठून बसायला लागेपर्यंत ती बाई घरी गेली होती. नाव विचारायचं राहूनच गेलं. मुलगा आता दाढी राखतो, परगावी नोकरी करतो आणि फोनवर आईला नुसतं "हं" म्हणतो. पण दूधखोलीत जागा निघाली तेव्हा ताईंनी पगारही न विचारता अर्ज केला, तो त्या बाईमुळे.

खोलीच्या दारामागे एकच नियम रंगवलेला होता: एका आईचं दूध एका पातेल्यात. दोघींचं कधी मिसळायचं नाही. उद्या एखादीच्या रक्तात किंवा औषधपाण्यात काही निघालं, तर नेमकं तिचंच दूध बाजूला काढता आलं पाहिजे. आणि बाटलीवर नाव घालायचं नाही, नंबर घालायचा. म्हणजे कुणाचं दूध कुठल्या बाळाला गेलं हे दोन्हीकडे कळत नाही, आणि पुढे उपकाराचं ओझं कुणाच्या डोक्यावर राहत नाही. पूर्वी एकापुढे एक नंबर देत. पण आयाच त्या; "माझ्या आधीच्या नंबरची म्हणजे ती कुरळ्या केसांची ना?" असं करत आठवड्यात सगळा हिशेब जुळवत.

म्हणून मेट्रनबाईंनी प्रसूतिगृहाचे कॉम्प्युटर बघणाऱ्या माणसाला बोलावलं. त्याच्या खांद्यावर कायम वायरींची वेटोळी, म्हणून तो वायरभाऊ. त्याने दूधखोलीतल्या कॉम्प्युटरवर एक काळा चौकोन उघडला, त्यात एक शब्द टाकला, एंटर दाबलं. अक्षरं आणि आकडे मिसळलेली एक लांबलचक ओळ उमटली, मध्ये मध्ये आडव्या रेघा.

"हा घ्या नंबर. जगात पुन्हा कुणाला मिळणार नाही असा."

"याला काही विकत घ्यावं लागतं?" मेट्रनबाईंनी आधी तेच विचारलं.

"नाही हो. कॉम्प्युटर ज्याच्यावर चालतो ना, ती ऑपरेटिंग सिस्टिम, तिच्या पोटातच असते ही सोय. मागितला की देते."

"आणि दुसऱ्या कुणी मागितला, आणि नेमका हाच आला तर?" ताईंनी विचारलं.

"ताई, तुम्ही समुद्रातून वाळूचा एक कण उचलून परत टाकलात, आणि उद्या डोळे मिटून तोच उचललात, असं होईल एक वेळ. हे नाही होणार."

ताईंना ते फार आवडलं. घरी जाऊन त्यांनी ते जेवताना सांगितलं. नवरा म्हणाला, "मग मलाही एक आण. साहेबाला माझं नाव लक्षात राहत नाही." सासूबाई म्हणाल्या, "एवढा लांब नंबर वाचतं कोण?"

कुणीच वाचत नसे, हे खरं. आईला नंबर एकदाच मिळे, तो तिच्या नावासकट मेट्रनबाईंच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर चढे; पुढे नुसतं लेबल छापायचं आणि चिकटवायचं.

मग कुणीतरी त्या कॉम्प्युटरला गाण्यांचा पेनड्राइव्ह लावला आणि त्याला व्हायरस लागला. स्क्रीनवर नको त्या जाहिराती नाचायला लागल्या. ताईंचं डोकं फिरलं. "माझ्या खोलीत चमचासुद्धा उकळल्याशिवाय येत नाही, आणि हे डबडं कुठे कुठे तोंड घालून येतं. रोज धुता येत नाही का याला?"

त्या बोलल्या रागाने, पण वायरभाऊने ते मनावर घेतलं. सगळं नीट साफ करून त्याने मशीनची ती कोरी अवस्था जशीच्या तशी जपून ठेवली. रात्री बंद केलं की दिवसभराचं सगळं पुसलं जाणार. सकाळी उघडलं की मशीन पुन्हा त्याच जपलेल्या क्षणात जागं होणार, स्वच्छ, काल काही झालंच नाही असं. ताईंनी त्याला दोन वेळा चहा पाजला.

त्यानंतर नव्या आया आल्या दोनच. एक आली ती चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभी राहणारी. पंचविशीची. तिचं बाळ याच प्रसूतिगृहात, वरच्याच मजल्यावर, काचेच्या पेटीत गेलं होतं. बाळ गेलं, पण दूध थांबायला तयार नाही. एका सकाळी ताई दार उघडत होत्या तेव्हा ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलेली.

"ताई, माझं चालेल ना? की अशा बाईचं घेत नाहीत?"

"अशा म्हणजे कशा गं?" ताई म्हणाल्या आणि तिला आत घेऊन आल्या. मशीन उघडल्या उघडल्या त्यांनी तिचा नंबर काढला, मग तिच्या हातात पंप दिला आणि पाठमोऱ्या होऊन झाकणं पुसत बसल्या, तिला रडायला आडोसा हवा म्हणून. ती रडली नाही. जाताना एवढंच म्हणाली, "कुठल्या बाळाला जातं ते मला सांगू नका. फक्त वाया घालवू नका."

"एक थेंब नाही," ताई म्हणाल्या.

मग ती दर दोन-चार दिवसांनी यायची. दुकानातून येताना बोटांवर काच पुसायच्या द्रवाचा वास असायचा. हात धुतल्याशिवाय ती दाराला हातही लावायची नाही. ताईंना ती त्यामुळेही आवडली असावी.

दुसरी आली ती अलीकडे, गेल्या आठवड्यात. सुखवस्तू घरातली, बाळ गुबगुबीत, दूध उतू जाणारं. तीही सकाळी पहिलीच आली होती.

आणि आज सकाळी त्या दुसरीचा मेट्रनबाईंना फोन आला. तिचं डोकं दुखायचं, त्यावर एक जोरकस औषध ती घेत होती; दूध देताना सांगायचं राहून गेलं. आता नवऱ्याने औषधाच्या खोक्यातली चिठ्ठी वाचली आणि दोघे घाबरले. मेट्रनबाईंनी आपल्या कॉम्प्युटरवर तिचं नाव टाकून नंबर काढला आणि खाली येऊन ताईंच्या हातात दिला. "या नंबरच्या सगळ्या बाटल्या आत्ता बाजूला काढा. वर एकही गेलेली नाही ना?"

"गेलीच नसणार. तिचं आत्ता परवा तापवलंय. तपासणीचा निकाल यायचाय, तोवर लाल फळीवरून हलत नाही काही."

ताईंनी फ्रीझर उघडला. लाल फळीवरच्या बाटल्या काढत गेल्या. हातातला कागद आणि लेबल, कागद आणि लेबल. ओटा भरला तरी बाटल्या संपेनात.

"एवढं?" मेट्रनबाई म्हणाल्या. "दोनदाच आली ना ती?"

ताई ओट्यावरच्या बाटल्या पुन्हा मोजायला लागल्या. त्यांना आठवत होतं की पातेलं त्या दिवशी काठोकाठ भरलं होतं, आणि त्यांना त्याचा आनंद झाला होता. मनातल्या मनात त्यांनी त्या गुबगुबीत बाळाच्या आईला शाबासकीही दिली होती.

मेट्रनबाई वर गेल्या. ताई मागोमाग गेल्या, स्वेटरच्या बाह्यांवर बर्फ तसाच. या वेळी मेट्रनबाईंनी नाव टाकलं नाही, नंबर टाकला. स्क्रीनवर आधी दिसलं की या नंबरचं दूध गेल्या महिन्यातच वरच्या बाळांना पाजलंय. म्हणजे ही बाई पायरी चढायच्या कितीतरी आधी. दोघींचे डोळे पांढरे झाले. मग मेट्रनबाईंनी पान खाली सरकवलं, आणि एका नंबरासमोर दोन नावं होती. एक त्या फोनवालीचं. दुसरं चष्मेवालीचं.

मेट्रनबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. नावं दोनच राहिली.

"तुम्ही चुकून जुनाच नंबर घातलात का, थंडीताई?"

"मी कशाला घालू? मी मागितला, त्याने दिला." बोलता बोलता ताईंना पातेलं आठवलं. परवाचं पातेलं. एक नंबर म्हणजे एक आई, एक आई म्हणजे एक पातेलं. फ्रीझरमधून त्या नंबरचं जेवढं कच्चं दूध निघालं, तेवढं त्यांनी त्यात ओतलं होतं. दारामागे नियम रंगवलेला होता, आणि त्याच दाराच्या आत त्यांनी स्वतःच्या हातांनी, धुतलेल्या हातांनी, दोघींचं दूध एकत्र ढवळलं होतं. उकळत्या पाण्यातून काढलेल्या पळीने. गाणं गुणगुणत.

त्या मेट्रनबाईंच्या खुर्चीत बसल्या. त्या खुर्चीत आजवर दुसरं कुणी बसलं नव्हतं. मेट्रनबाई उभ्याच राहिल्या.

वायरभाऊला बोलावलं. तो ऐकून हसलाच. "शक्य नाही. काहीतरी छापण्यात गडबड असेल." दूधखोलीत येऊन त्याने मशीन बंद केलं, उघडलं, काळा चौकोन, एक शब्द, एंटर. ओळ उमटली. ताईंनी बाटलीवरचं लेबल स्क्रीनच्या शेजारी धरलं.

तोच नंबर. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत.

वायरभाऊने खांद्यावरची वायर खाली ठेवली. पुन्हा बंद केलं, पुन्हा उघडलं. तोच. तिसऱ्यांदा बंद केलं, उघडलं, शब्द टाकला. तोच. जगात पुन्हा कुणाला मिळणार नाही म्हणून सांगितलेला नंबर मशीन निमूटपणे, मागेल त्याला देत होतं.

"अहो, बोला काहीतरी," मेट्रनबाई म्हणाल्या.

"मी धुतलं याला," तो म्हणाला. चेहरा उतरला होता. "ताई, हा नंबर हवेतून येत नाही. मशीन आपल्या आत पसारा गोळा करत असतं. तुम्ही बटण कधी दाबलंत, माउस कसा हलला, आतलं काय कधी अडखळलं. ज्याला काही अर्थ नाही असलं सगळं. त्या पसाऱ्यातून ते नंबर काढतं. कुठल्याही दोन दिवसांचा पसारा सारखा नसतो, म्हणून नंबर सारखा येत नाही. आणि आपण काय केलं, रोज रात्री तो पसारा पुसून टाकला. रोज सकाळी ते त्या एकाच जपलेल्या क्षणात उठतं, तेव्हाचाच पसारा घेऊन. मग पहिला नंबर दुसरा कुठून देणार?"

"पण दोघींच्या मधे इतके दिवस गेले..."

"दोन्ही वेळा तुम्ही उघडल्या उघडल्या घेतलात. थोडा वेळ दुसरं काही काम करून मग घेतला असता, तर कदाचित वेगळा आला असता."

"आणि त्या माझ्या मशीनला," मेट्रनबाई आपल्या खोलीकडे बोट करून म्हणाल्या, "दोन नावांना एक नंबर चालतो? त्याने ओरडायला नको?"

"तपासायचं सांगितलंच नव्हतं मी त्याला. असं होतच नाही म्हणून."

ताई ओट्याला टेकून उभ्या होत्या. ओटा लखलखत होता; तोंड बघावं असा. रोज धुता येत नाही का याला, असं त्याच म्हणाल्या होत्या. वर दोन वेळा चहा.

त्यांनी नवऱ्याला फोन लावला. तो कुठल्यातरी लिफ्टच्या खड्ड्यात होता, आवाज घुमत होता. त्यांनी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुझ्या हातून?" थट्टा केलीच नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, थट्टेशिवाय बोललेला तो ताईंनी क्वचितच ऐकला होता. त्यांनी फोन ठेवून दिला.

दूध मिसळलेलं, त्यातलं चांगलं कुठलं आणि औषधाचं कुठलं, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. सगळं ओतून द्यायचं ठरलं. मेट्रनबाई म्हणाल्या, मी कुणालातरी पाठवते. ताईंनी नको म्हटलं. बाटल्या कोमट पाण्यात ठेवल्या, सुटल्या तशा एकेक करून मोरीत रिकाम्या केल्या. पांढरं पाणी जाळीवर क्षणभर थांबायचं आणि मग जायचं.

"तिला सांगायची काही गरज नाही," मेट्रनबाई दारातून म्हणाल्या. "चष्मेवालीला. औषधवालीला सांगू, तिचा दोष आहे. हिला कशाला? बाळ गेलंय तिचं, थंडीताई. तुम्ही सांगून मोकळ्या व्हाल, ती कुठे जाईल?"

ताईंना ते पटलं. खरंच पटलं. त्यांनी मान हलवली.

आणि दुपारी चष्मेवाली आली. हात धुतले, पदराआडून एक छोटी बाटली काढली. तळाशी दूध, बोटभरही नाही.

"आता बंद झालं, ताई. सकाळपासून एवढंच. हे शेवटचं." ती बाटली दोन्ही हातांत धरून उभी राहिली. "आधीचं सगळं गेलं ना वर?"

ताईंनी तोंड उघडलं. "गेलं," असं म्हणायचं ठरलेलं होतं. पण तिच्या मागे, दारावर, तो रंगवलेला नियम होता, आणि ताईंची नजर त्याच्यावर पडली.

"बस," त्या म्हणाल्या. "मशीनने तुझा नंबर आणखी एकीला दिला. मी तुमच्या दोघींचं दूध एका पातेल्यात घातलं. तिचं औषधाचं होतं. सकाळी मी ते सगळं ओतून दिलं. त्यात तुझं होतं."

मेट्रनबाई जिन्यात होत्या. त्यांची चाहूल जागच्या जागी थांबली.

चष्मेवाली बसली नाही. तिने बाटली छातीशी घेतली, जसं काही ताई तीही ओढून घेतील. "एक थेंब नाही म्हणाला होतात."

"हो."

"सगळंच?"

"नाही गं. सुरुवातीचं, ती दुसरी यायच्या आधीचं, ते वर गेलं. बाळांनी घेतलं. ते मी स्क्रीनवर पाहिलंय, मेट्रनबाईंनीही पाहिलंय. मागून दिलेलं तेवढं मोरीत गेलं."

ती खूप वेळ मोरीकडे बघत राहिली. मोरी स्वच्छ होती, वासही नव्हता. ताईंनी ती दोनदा घासली होती. आज पहिल्यांदा त्यांना वाटलं, नसती घासली तर बरं झालं असतं. काहीतरी दिसलं असतं तिला.

"मशीन कसं चुकतं असं?" शेवटी तिने विचारलं. आवाज कोरडा होता. दुकानात गिऱ्हाइकाला काही विचारावं तसा.

"मशीन नाही चुकलं. मी त्याला रोज धुवायला लावलं. त्याच्याजवळ काही शिल्लकच राहू दिलं नाही." आणि वायरभाऊने सांगितलेलं ताईंनी तिला सांगितलं, जमेल तसं, पसाऱ्याचं, अडखळण्याचं, अर्थ नसलेल्या हालचालींचं. ती ऐकत होती की नाही, कळत नव्हतं.

"मग हे?" तिने बाटली पुढे केली. "याच्यावर कुणाचा नंबर घालणार?"

वायरभाऊ कोपऱ्यात बसून मशीनचं ते रोजचं पुसणं काढून टाकत होता. तो उठला. "आता नाही होणार तसं," तो म्हणाला. मग तिच्याकडे न बघता पुढे म्हणाला, "पण तुम्हाला भरवसा वाटत नसेल, तर तुम्हीच बसा इथे. माउस हलवा, बटणं दाबा, हवं ते करा. ते सगळं आत जाईल."

ताईंना वाटलं ती पाठ फिरवून निघून जाईल. ती बसली. बाटली मांडीत घट्ट धरली. एक बोट पुढे केलं आणि एक बटण दाबलं. मग दुसरं. मग सगळी बोटं. मग तळहात. स्क्रीनवर अक्षरांच्या रांगा धावायला लागल्या, शेंडा ना बुडखा. माउस ओट्यावर आपटत होता, चमच्यांचं तबक थरथरत होतं. वायरभाऊ पुढे झाला. ताईंनी त्याच्या हाताला धरून त्याला मागे ओढलं. त्या दिवशी पंप हातात दिला तेव्हा ती रडली नव्हती. आता रडत होती, आणि बडवत होती, आणि ताई तिच्यामागे उभ्या होत्या, या वेळी पाठमोऱ्या नव्हत्या.

बोटं थकली तेव्हा ती थांबली. ताईंनी काळा चौकोन उघडून दिला, शब्द तिनेच टाकला. ओळ उमटली.

तिने डोळे पुसले आणि ती ओळ वाचायला लागली. मोठ्याने, एकेक अक्षर, एकेक आकडा, मधल्या रेघांवर थांबत. त्या खोलीत इतक्या वर्षांत एवढा लांब नंबर कुणी पूर्ण वाचला नव्हता. ताई सकाळचं लेबल हातात धरून ऐकत होत्या. दुसऱ्याच अक्षराला तो वेगळा झाला, तरी त्या शेवटपर्यंत तपासत राहिल्या.

लेबल छापून त्यांनी बाटलीला लावलं. एवढीशी बाटली, लेबल फिरून स्वतःवरच चढलं.

"एवढ्याने काय होणार कुणाचं," चष्मेवाली म्हणाली.

"वरच्या खोलीत एक आहे. एवढंच घेतो तो एका वेळी." बोलून गेल्यावर ताईंच्या लक्षात आलं, हे सांगायचं नसतं. तिनेच सांगू नका म्हटलं होतं.

चष्मेवाली फ्रीझरचं दार लागेपर्यंत उभी राहिली.

ती गेल्यावर ताईंनी ओटा पुसला, तबक पुसलं, खुर्ची पुसली. कीबोर्डवर तिच्या बोटांचे ओले ठसे होते, काच पुसायच्या द्रवाचा वास येत होता. फडकं तिथपर्यंत गेलं, आणि ताईंनी ते घडी करून बाजूला ठेवलं.